बाहेरदेशचा पॅटर्न शिरोलीत आला, त्याबरोबर नोकरी किती आली?

उद्यमनगरकर
युरोपात एखादी फाउंड्री (लोखंड ओतून भाग घडवणारा कारखाना) बंद होते आणि तिचे पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उमटवायचे ठसे, लाकडी पेट्यांत भरून कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत येतात. आपल्याकडं म्हणतात, "ऑर्डर आली." तिकडच्या गावात म्हणतात, "काम गेलं." दोन्ही खरं.

पण या कामाचा हिशेब आपण फक्त टनात मांडतो. महिन्याला किती टन ओतलं, किती कंटेनर गेले. मला विचारायचंय ते वेगळं. पॅटर्नबरोबर नक्की कोणती कामं इथं येतात, कोणती तिकडंच राहतात, आणि उद्या तोच पॅटर्न तिसऱ्या देशात गेला तर इथं मागं काय उरतं?

माझं मत आधीच सांगतो. पॅटर्न ज्याच्या मालकीचा, नोकरी त्याच्या मर्जीची. पेटी जशी आली तशी जाते. ती गेल्यावरही जे काम इथं राहील तेवढंच आपलं. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पंचगंगाकाठ
मुद्दा पटला, पण काम आलं म्हणून निदान भट्ट्या तरी पेटत्या राहिल्या. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं इथं ऑइल इंजिनं घडवली तेव्हा डिझाइनपासून विक्रीपर्यंत सगळं उद्यमनगरात होतं. शेतात वीज आली, इंजिनाची मागणी घटली. पुढं वाहनांचे सुटे भाग आणि निर्यातीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आलं नसतं तर काय केलं असतं?

मोल्डिंग_मास्तर
आधी "काम येतं" म्हणजे काय होतं ते नीट बघू. पेटी उघडली आणि दुसऱ्या दिवशी ओतलं असं नसतं.

पॅटर्न तिकडच्या मोल्डिंग लाइनच्या बॉक्ससाठी बनलेला असतो. आपल्या बॉक्सचं माप वेगळं, म्हणून मॅचप्लेट (पॅटर्न बसवायची पाटी) नव्यानं बसवावी लागते. मग गेटिंग, म्हणजे साच्यात लोखंड जायच्या वाटा. तिकडं हाय प्रेशर लाइनवर साच्याची हार्डनेस नव्वदच्या वर असते. आपल्याकडं जोल्ट-स्क्वीझ मशीनवर ती पंचाहत्तर ते पंच्याऐंशीत येते. ग्रे आयर्नला, म्हणजे साध्या ओतीव लोखंडाला, हे एकवेळ खपून जातं. एस.जी.ला, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या लोखंडाला, खपत नाही. एस.जी.मध्ये ग्रॅफाइट तयार होताना लोखंड फुगतं. साचा दगडासारखा कडक असेल तर ते फुगणं आतल्या आत पोकळ्या भरून काढतं. साचा मऊ असेल तर भिंत मागं सरकते, कास्टिंग बाहेरून मोठं होतं आणि आत श्रिंकेजच्या (आकसण्याच्या) पोकळ्या राहतात. तोच पॅटर्न, तोच ग्रेड, तिकडं पास आणि इथं कापल्यावर आत स्पंजासारखं. मग रायझर (गोठताना लोखंड पुरवणारा साठा) वाढवा, चिल (लवकर गार करणारा धातूचा तुकडा) लावा, नाहीतर साचा कडक करा.

वाळूचं तसंच. कॉम्पॅक्टेबिलिटी (दाबल्यावर वाळू किती टक्के बसते) ३८ ते ४२, ओलावा साधारण ३ ते ४ टक्के, त्याला जोडून बेंटोनाइट आणि कोल डस्ट. पावसाळ्यात नवी वाळू ओली येते, ऑपरेटर पाणी नेहमीच्याच मापानं टाकतो आणि ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, सुरू होतात.

हे सगळं सुधारणारा जो माणूस, त्याची नोकरी पॅटर्नबरोबर आलेली नसते. ती इथंच तयार होते.

मेटलर्जीवाली
मोल्डिंग मास्तरांच्या मुद्द्याला एक पुरवणी. पेटीतून पॅटर्न बाहेर काढला की आधी त्याचा रंग बघावा.

जर्मन पद्धतीत सगळा पॅटर्न लाल रंगवलेला असला तर अर्थ एकच, हे ग्रे आयर्नचं काम आहे. जांभळा असेल तर एस.जी., निळा असेल तर स्टील. मशीनिंगची बाजू पिवळ्या रंगानं दाखवतात, कोअर प्रिंट, म्हणजे पोकळीसाठीचा वाळूचा गाभा टेकायच्या जागा, काळ्या असतात. आपल्याकडं आयटीआयच्या जुन्या पुस्तकांतून शिकलेल्या माणसाच्या डोक्यात लाल म्हणजे मशीनिंगची बाजू, काळा म्हणजे ओतलेला तसाच ठेवायचा पृष्ठभाग आणि पिवळा म्हणजे कोअर प्रिंट. आता विचार करा. पिवळी पट्टी बघून एकजण तिथं कोअर बसणार असं धरतो, दुसरा लाल अंग बघून सगळीकडं मशीनिंग अलाउन्स (कापायला ठेवलेली जादा जाडी) शोधत बसतो. दोघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणं बरोबर, आणि नमुना मात्र चुकीचा.

म्हणून पहिला नियम: ड्रॉइंगशिवाय रंगावर विश्वास नाही. ड्रॉइंगवर ईएन-जीजेएल-२५० असेल तर आपल्या एफजी २६० च्या जवळचं काम, ईएन-जीजेएस-५००-७ असेल तर एस.जी. ५००/७. त्यातही भिंतीची जाडी बघायची. तोच ग्रेड ८ मिमीला आणि ४० मिमीला एकाच रसायनात बसत नाही.

तांबडापांढरा
मेटलर्जीताई, ही रंगांची माहिती छापून प्रत्येक पॅटर्न शॉपच्या भिंतीवर लावली पाहिजे. नाद खुळा!

कागलकर
सगळे तांत्रिक बोलायलेत, पण मूळ प्रश्न नोकरीचा हाय. काम इकडं का येतं? मजुरी कमी म्हणून. मग मजुरी वाढली की काम जाणार. एवढा साधा हिशेब.

भट्टीचा_हिशेब
कागलकर भाऊ, इतका साधा नाही. कास्टिंगच्या किलोमागच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा धातूचा, म्हणजे स्क्रॅप, पिग आयर्न, फेरो अलॉय यांचा. त्यानंतर वीज. आकडे घालून बघू.

इंडक्शन भट्टीत एक टन पातळ लोखंड करायला ६०० युनिट धरा. यील्ड ६५ टक्के, म्हणजे बाकीचं रनर-रायझरमध्ये परत गेलं. ६०० भागिले ०.६५, म्हणजे एक टन कास्टिंगला ९२३ युनिट. रिजेक्शन ३ टक्के असेल तर चांगल्या मालाच्या टनामागं ९५२ युनिट. रिजेक्शन ८ टक्के झालं तर १००३. युनिटला ९ रुपये धरले तर नुसत्या विजेत टनामागं साधारण ४६० रुपयांचा फरक. त्यात कोअर, वाळू, मॅग्नेशियम, माणसाचे तास अजून धरलेलेच नाहीत.

आणि हे रिजेक्शन इथं सापडलं तरचं गणित. तेच कास्टिंग तिकडं मशीनवर चढल्यावर आत भोक निघालं, तर अख्खा लॉट तिकडची माणसं लावून निवडतात आणि त्याचं डेबिट नोट युरोत येतं. एका लॉटनं सहा महिन्यांची मजुरीतली बचत धुऊन जाते. म्हणून सांगतो, स्वस्त हातांमुळं काम येतं हे अर्धं खरं. टिकतं ते रिजेक्शन कमी असल्यामुळं.

धूळ_आणि_घाम
भट्टीचा हिशेब यांनी आकडे चोख दिलेत, पण एक रकाना राहिला.

तिकडच्या फाउंड्रीला धूळ ओढणारी यंत्रणा, जळक्या वाळूची विल्हेवाट, आवाजाची मर्यादा या सगळ्याचा खर्च सक्तीनं करावा लागतो. काम इकडं येतं तेव्हा तो खर्च आपोआप इकडं येत नाही. तो कामगाराच्या फुप्फुसात जातो. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करायला, ग्राइंडर चालवताना कास्टिंगला चिकटलेली सिलिका वाळू बारीक होते. डोळ्यांना दिसते ती धूळ कमी धोक्याची, दिसत नाही ती खोल जाऊन बसते. सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही. ग्राइंडिंगच्या टेबलालाच खालून किंवा मागून ओढ पाहिजे, आणि शॉट ब्लास्ट (पोलादी छर्ऱ्यांचा मारा) नीट करून मगच कास्टिंग ग्राइंडरवर गेलं पाहिजे, म्हणजे वाळू आधीच बंद खोलीत निघून जाते.

इथली पोरं फेटलिंगला येत नाहीत अशी तक्रार सगळे करतात. बिहार, ओडिशातून माणसं आणतात, तीही ठेकेदाराकडून. काम आलं आणि स्थानिक नोकरी वाढली असं म्हणताना हे पण मोजा.

कागलकर
@धूळ_आणि_घाम, हे शंभर टक्के पटलं. मी मजुरीचं म्हणालो ते याच अर्थानं घ्या.

सुताचा_माणूस
थोडं विषय सोडून, पण इचलकरंजीचं उदाहरण इथं बसतं. १९०४ साली तिथं विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. आज काय दिसतं? युरोपातल्या कापड गिरण्या बंद पडल्या आणि त्यांचे वापरलेले रेपिअर (बिनधोट्याचे) माग कंटेनरमधून इचलकरंजीत आले. म्हणजे नुसतं काम नाही, आख्खं यंत्रच स्थलांतरित झालं.

पण नोकरीचं गणित उलटं. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे धाग्यांच्या आसपास विणतो, रेपिअर त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळं तेवढ्याच कापडाला विणकर कमी लागतो. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक कार्ड दुरुस्त करणारा लागतो. जुन्या मागाचं कार्ड जळलं आणि कंपनीनं ते मॉडेल बंद केलेलं असलं की माग उभा राहतो, हप्ता मात्र चालूच. तशी कार्डं इथंच उघडून दुरुस्त करणारी माणसं तयार झाली, ती नोकरी खरी इथली. उद्यमनगरकरांच्या मुद्द्याशी जुळतं म्हणून लिहिलं.

कापशी_वहाण
मग आपल्या चपलेचं पण घ्या. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, आधी कोल्हापूरचं नावही नव्हतं. इकडून आवाज उठला. मग डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, २००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे ठरले.

इथं कारागिराच्या बाजूनं एक गोष्ट आहे जी फाउंड्रीवाल्याकडं नाही. २०१९ चं भौगोलिक मानांकन. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, कातड्याच्या वादीची शिवण, ही पद्धत आणि नाव दोन्ही महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचं. इथं पॅटर्नच आपला आहे. ऑर्डर दुसऱ्या देशात गेली तरी "कोल्हापुरी" हे नाव तिच्याबरोबर जात नाही.

रंकाळ्यावरची_भेळ
चपलेला मानांकन आहे तसं शिरोलीच्या सिलिंडर हेडला पण मिळवा की! 😀

उद्यमनगरकर
कापशी_वहाण, नेमकं हेच म्हणायचं होतं, तुम्ही चपलेतून सांगितलंत.

निर्यात_कागद
पॅकिंग आणि कागदपत्रांत जी कामं येतात त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही. ही कामं लहान वाटतात, पण ऑर्डर इथंच हातची जाते.

लाकडी पॅलेट आयएसपीएम-१५ प्रमाणं उष्णता दिलेलं पाहिजे, लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं, आणि वर तसा शिक्का. शिक्का नसला तर माल बंदरावर अडतो. कास्टिंग गंज रोखणाऱ्या व्हीसीआय पिशवीत, बरोबर ओलावा शोषणाऱ्या पुड्या. २०२३ च्या शेवटापासून बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, त्यात दहा-चौदा दिवस वाढले. तेवढे दिवस जास्त माल दमट कंटेनरमध्ये.

आणि सगळ्यात बारीक गोष्ट: मशीन केलेल्या बाजूला उघड्या हाताचा स्पर्श. तपासणीवाला मोजमाप घेतो, बोट टेकवतो, पिशवी बंद होते. तिकडं पेटी उघडल्यावर त्या चकचकीत पृष्ठभागावर गंजाचा अंगठा उमटलेला असतो, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. घामातल्या मिठानं दीड महिन्यात केलेलं काम. उपाय दहा रुपयांचे हातमोजे, आणि मोजमाप झाल्यावर तेलाचा हात.

कागदपत्रांत ईएन १०२०४ चं ३.१ सर्टिफिकेट म्हणजे त्या हीटची (भट्टीच्या एका घाण्याची) खरी तपासणी. टेस्ट बार, हार्डनेस, एस.जी. असेल तर नोड्युलॅरिटी (ग्रॅफाइट किती गोल झालं). जुन्या हीटचे आकडे नव्या कागदावर उतरवले आणि ग्राहकानं तिकडं बार तपासला की पॅटर्न परत मागवतात.

पंचगंगाकाठ
निर्यात_कागद, अमेरिकेचं शुल्क आणि युरोपचा कार्बनचा भार याबद्दल पण लिहा. त्यानं नोकऱ्यांवर जास्त फरक पडणार.

निर्यात_कागद
थोडक्यात लिहितो. अमेरिकेनं पोलादाच्या मालावर मार्च २०२५ मध्ये २५ टक्के आणि जूनमध्ये ५० टक्के शुल्क केलं. ऑगस्टमध्ये भारतीय मालावर वेगळं शुल्क आलं. त्याचा परिणाम आधी नव्या पॅटर्नवर होतो, चालू पॅटर्नवर नंतर. ग्राहक चालू माल लगेच थांबवत नाही, कारण दुसरीकडं नमुने मंजूर करायला त्याला चार-सहा महिने लागतात. तो फक्त पुढची चौकशी आपल्याला पाठवत नाही. त्यामुळं शॉपमध्ये गर्दी दिसते आणि पॅटर्न शॉप रिकामं असतं. ते रिकामं दिसलं की समजा.

युरोपचा सीबॅम, म्हणजे आयात मालावरचा तो कार्बनचा भार, १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदीपुरता होता, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा झाला. पाइप फिटिंगचा ७३०७ आणि "इतर वस्तूं"चा ७३२६ हे कस्टमचे कोड त्यात आहेत. लोखंडाच्या बाबतीत भट्टीची वीज त्या हिशेबात धरत नाहीत. धरतात तो आपला इंधनाचा धूर आणि विकत घेतलेल्या पिग आयर्नचा कार्बन. स्क्रॅपचा शून्य. म्हणजे चार्जमध्ये पिग किती आणि स्क्रॅप किती याची रोजची नोंद आता थेट ऑर्डरशी जोडली गेली. ही नोंद ठेवणारं माणूस ज्या शॉपमध्ये नाही त्यांच्या मालाला ठरवून दिलेला जास्तीचा आकडा लागतो.

मोल्डिंग_मास्तर
म्हणून स्क्रॅपच स्क्रॅप ओता असं कुणी समजू नका. पिग काढून स्टील स्क्रॅप वाढवला की कार्बन खालून चढवावा लागतो, त्याला चांगला रिकार्बुरायझर पाहिजे. स्वस्तातला घेतला तर त्यातला नायट्रोजन ग्रे आयर्नमध्ये भेगांसारखी भोकं करतो. एस.जी.ला स्क्रॅपमधलं मँगनीज बघा, जास्त झालं की पर्लाइट (लोखंडातला कडक भाग) वाढून लांबण, म्हणजे तुटण्याआधी ताणलं जाणं, कमी होते. आणि मॅग्नेशियम दिल्यावर आठ-दहा मिनिटांत ओतून झालं पाहिजे. लेडल (ओतायचं भांडं) घेऊन बोलत उभं राहिलं की नोड्यूल जातात.

वडणगेचा_पोरगा
वाचतोय सगळं. धाकट्या भावासाठी विचारतो. दहावी झालाय, गणित चांगलं आहे. कळंब्याच्या आयटीआयला घालावं म्हणतोय. या धंद्यात नोकरी टिकणार असेल तर काय शिकावं?

भट्टीचा_हिशेब
सीएनसी शिकव. ऑपरेटरला मागणी कायम आहे.

धूळ_आणि_घाम
ॲप्रेंटिसशिपचं पण बघ. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यानं अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घ्यायचेच असतात, कायदा आहे. पण घेताना विचार, कोणत्या विभागात ठेवणार? वर्षभर पॅकिंगला उभा केला तर तो ॲप्रेंटिस नाही, स्वस्त मजूर आहे.

उद्यमनगरकर
या पोराच्या प्रश्नातूनच मूळ मुद्द्याकडं परत येऊ.

पॅटर्न परत गेला तर मागं काय राहतं ते करारावर ठरतं, आणि आपल्याकडं बरेच जण करार न वाचता सही करतात. टूलिंगचे पैसे ग्राहकानं दिले तर पॅटर्न त्याचा, हे ठीक. पण आपण बदललेलं गेटिंग कुणाचं? रायझरची जागा, चिलची जागा, सिम्युलेशनची फाइल? हे पॅटर्नवर कोरलेलं असतं, म्हणून पॅटर्नबरोबर फुकटात जातं. तिसऱ्या देशातल्या फाउंड्रीला आपली दोन वर्षांची मेहनत आयती मिळते. करारात लिहून घ्यायला हवं की मूळ पॅटर्न जसा आला तसा परत मिळेल, मेथडिंगचे (गेटिंग-रायझर ठरवण्याचे) बदल वेगळ्या प्लेटवर राहतील, त्यांचे पैसे वेगळे. मशीनिंगचे फिक्स्चर (भाग धरून ठेवायची पकड) आणि प्रोग्रॅम आपल्या नावावर. टूलिंगची रक्कम नगामागं थोडी थोडी वसूल होत असेल तर उरलेली रक्कम चुकती झाल्याशिवाय पेटी गेटबाहेर नाही.

आणि कच्चं कास्टिंग पाठवण्यापेक्षा मशीन करून पाठवा. कच्च्या कास्टिंगला जागा बदलायला एक पॅटर्न हलवावा लागतो. मशीन केलेल्याला पॅटर्न, फिक्स्चर, गेज, सगळ्यांची मंजुरी नव्यानं. म्हणून ते लवकर हलत नाही. व्हीएमसीवरची (कापायच्या मशीनवरची), सीएमएमवरची (मोजमापाच्या मशीनवरची) नोकरी त्यामुळं टिकते.

कागलकर
उद्यमनगरकर दादा, हे करारातलं लहान शॉपला जमत नाही. वीस माणसांची फाउंड्री ग्राहकासमोर अट घालील तर ग्राहक शेजारच्या गल्लीत जाईल.

उद्यमनगरकर
खरं आहे. एकट्यानं जमत नाही. शिरोलीत असोसिएशन आहे, गोकुळ शिरगावला आहे, उद्यमनगरात इंजिनिअरिंग असोसिएशन आहे. टूलिंग कराराचा एकच मसुदा सगळ्यांनी वापरला तर शेजारच्या गल्लीतही तीच अट भेटेल. दर प्रत्येकाचा वेगळा राहू दे, अट एक असू दे.

मेटलर्जीवाली
@वडणगेचा_पोरगा, भावाला फाउंड्रीमन किंवा मशिनिस्ट, काहीही घेऊ दे, पण त्याबरोबर मेथडिंग शिकू दे. रायझर कुठं आणि केवढा, हे ठरवणारी माणसं इथं कमी आहेत, आणि गणित लागतं ते इथंच.

सुरुवात अशी. कास्टिंगच्या भागाचं घनफळ भागिले थंड होणारं क्षेत्रफळ, याला मॉड्युलस म्हणतात. मोठ्या सपाट प्लेटचा मॉड्युलस जाडीच्या निम्मा. रायझरचा मॉड्युलस कास्टिंगच्या १.२ पट धरायचा, म्हणजे तो शेवटी गोठेल. उंची आणि व्यास सारखा असलेल्या गोल रायझरचा मॉड्युलस व्यास भागिले सहा. आता ३० मिमी जाडीच्या प्लेटला रायझरचा व्यास किती? त्याला सोडवू दे.

वडणगेचा_पोरगा
ताई, त्यानं पाच मिनिटांत सांगितलं. १५ चा १.२ पट १८, गुणिले सहा, १०८ मिमी.

मेटलर्जीवाली
बरोबर. आता त्याला वर मोल्डिंग मास्तरांनी लिहिलेलं वाचायला दे आणि विचार, साचा कडक असेल तर तीच प्लेट एस.जी.मध्ये ओतताना हा रायझर लहान का चालतो. उत्तर त्याच्याच शब्दांत इथं टाक.